हे धर जरा

मी ताडकळस सोडलं त्या सकाळी माय मला बसथांब्यावर अख्ख्या गावादेखत झाडत होती. सुरुवात लोणच्याच्या बरणीपासून झाली, कारण ती मी घरी विसरले होते. बरणीवरून गाडी माझ्या विसराळूपणावर आली, मग हट्टीपणावर, मग मी सातवीत असताना न सांगता मैत्रिणीबरोबर पूर्णेला गेले होते त्यावर. मी खिडकीत बसलेली, ती खाली उभी, आणि बसमधली सगळी माणसं कान टवकारून ऐकत होती. "पुण्याला कोन बसलंय गं तुझं? जेवलीस का म्हनून कोन इचारनार हाय तुला?" असं ती तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिचा आवाज चिरकला.

बस परभणीची होती आणि तिचे कंडक्टर माझे वडील होते. अण्णांनी त्या दिवशी मुद्दाम ड्यूटी बदलून घेतली होती, लेकीला परभणी स्टेशनापर्यंत आपल्याच गाडीतून सोडायचं म्हणून. ते शांतपणे दारातून खाली उतरले, खांद्याच्या पिशवीतून आपला जेवणाचा डबा काढला आणि मायच्या हातात दिला. "हे धर जरा," म्हणाले. तिनं बोलता बोलता डबा धरला. दोन्ही हातांनी धरला, कारण त्यात वरण होतं आणि झाकण सैल होतं. तिचं बोलणं तिथंच थांबलं. अण्णा वर चढले आणि त्यांनी दोरी ओढून डबल बेल दिली. गाडी निघाली तरी माय तशीच उभी होती, डबा आडवा होऊ नये म्हणून छातीशी सरळ धरून. निरोपाला हात हलवायचं तिला सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी हात मोकळा नव्हता.

अण्णा त्या दिवशी परभणीत केळी खाऊन राहिले. "डबा परत घ्यायचा इसरलो," असं ते मला स्टेशनावर म्हणाले. पंधरा वर्षं झाली, मला ते अजून खरं वाटत नाही.

हे मी लिहितेय ते तुमच्यासाठी, जे तिथंच राहिलात, आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे निघून आलात आणि दर रविवारी फोन करून आपलं कर्तव्य पार पडलं असं समजता. मीही तसंच समजत होते.

आधी अण्णांबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावाचून कळणार नाही. ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी त्यांच्या गाडीत पन्नासाच्या जागी नव्वद माणसं, शिवाय कोंबड्या, भाजीच्या पाट्या आणि एखादं शेळीचं पिल्लू. भांडण व्हायचंच. जागेवरून, पायावर पाय पडला म्हणून, खिडकी उघडी की बंद म्हणून. नोकरीच्या सगळ्या वर्षांत अण्णांनी कुणालाही "गप बसा" म्हटल्याचं मी ऐकलं नाही. ते भांडणाऱ्याजवळ जायचे आणि त्याच्या हातात काहीतरी द्यायचे. "हे धर जरा," म्हणायचे. कधी एखाद्या बाईचं रडकं पोर, कधी म्हातारीचं गाठोडं, काहीच नसलं तर आपली तिकिटांची पेटी. आणि ते पुढे निघून जायचे. माणूस बावचळायचा. हातात दुसऱ्याचं पोर घेऊन शिव्या देता येत नाहीत आणि तिकिटांची पेटी धरून हातघाईवर येता येत नाही. दोन थांबे गेले की तोच माणूस त्या पोराला खिडकीतून बैल दाखवत असायचा.

घरीही त्यांचं तंत्र हेच होतं. माझी माय तापट. तिचा राग म्हणजे चुलीवरचं दूध, तुम्ही बघत उभे असा नाहीतर नसा, ते वर येणारच. अण्णा तिला समजवायला जायचे नाहीत. दोऱ्याचं एक टोक हातात द्यायचे, शेवग्याची फांदी वाकवून धरायला लावायचे, एकदा तर छपरावर चढून वरून म्हणाले, "शिडी धर." ती शिडी धरून खालून त्यांना बोलत राहिली, पण शिडी सोडली नाही.

पुण्यात मला काम मिळालं ते चिडलेल्या माणसांना शांत करण्याचं. एका कंपनीचं कस्टमर केअर. हेडसेट, क्यूबिकल, समोर पडद्यावर पळणारा टायमर. तिथल्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला एक इंग्रजी क्रियापद शिकवलं, काम डाऊन, म्हणजे शांत होणं किंवा करणं. आम्ही मराठवाड्यातली तीन-चार पोरं 'काल्म' म्हणायचो, स्पेलिंगमधला एल दिसत होता, तो सोडवत नव्हता. पुढे मीच ट्रेनर झाले आणि गेली सहा-सात वर्षं दर बॅचला मीच ते क्रियापद शिकवते. फळ्यावर लिहिते. माणूस काम डाऊन होतो, वादळ होतं, बाजार होतो, आणि एका माणसाला दुसरा माणूस काम डाऊन करतो. अर्थ सोपा आहे. वापर अवघड.

वापराबद्दल मी बॅचला एकच नियम सांगते, की ग्राहकाला हे शब्द कधीही म्हणायचे नाहीत. 'मला पाच मिनिटं काम डाऊन होऊ दे' असं आपण आपल्याबद्दल म्हणालो तर ते शहाणपण. तेच समोरच्याला म्हणालो की हुकूम होतो. ते वरून खाली म्हणायचं असतं, साहेबानं कारकुनाला, मास्तरनं पोराला. चिडलेल्या माणसाला ते ऐकू येतं तेव्हा त्याला कळतं, की मी कशासाठी चिडलोय याच्याशी ह्याला काही देणंघेणं नाही, ह्याला फक्त माझा आवाज बंद व्हायला हवाय.

गंमत म्हणजे हे समजवताना मला मराठी शब्द सापडायचा नाही. आमच्याकडे दूध खाली बसतं, वारा पडतो, पूर ओसरतो, राग उतरतो. ज्याचं त्याचं वेगळं. माणसाला 'शांत हो' म्हणण्याची आमच्या घरात तरी रीत नव्हती. कुणी शांत झालं म्हणाले, तर ते माणूस गेलं असं समजून टॉवेल खांद्यावर टाकून मातीला निघायचं.

तर, 'काम डाऊन' म्हणायचं नाही. मग काय करायचं? त्याच्या तीन पायऱ्या मी शिकवते. समोरच्याचं नाव घ्या. त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत त्याला परत ऐकवा. आणि मग, आवाज थोडा खाली आणून, म्हणा, 'मला समजतंय.' नव्वद टक्के माणसं तिथं विरघळतात. तुम्हाला काही समजलेलं असण्याची गरज नसते. मी ह्या कामात चांगली आहे. माझ्या बॅचचे क्वालिटी स्कोअर वर असतात. फ्लॅट, नवरा, दोन वेळचं सुखाचं जेवण, सगळं ह्याच तीन पायऱ्या चढून आलंय.

अण्णा गेले त्याला आता तीन वर्षं झाली. मी एकुलती एक. मायला पुण्याला आणलं, बारा दिवस राहिली. गॅलरीतून खाली बघून म्हणाली, "इथं भांडायला बी कोनी न्हाई." आणि परत गेली. मला राग आला, सुटल्यासारखंही वाटलं. खरं तेच सांगते. ती गेली त्या दिवशी मी घर आवरलं आणि निवांत चहा घेतला.

मग तिचे फोन सुरू झाले. तापट माणसाचा राग झेलणारं माणूस गेलं की त्या रागाचं काय होतं, हे मी कधी मनातच आणलं नव्हतं. तो फोनवरून माझ्याकडे यायला लागला. नळ आला नाही म्हणून, तुरीला शेंगा धरल्या नाहीत म्हणून, मी फोन उचलला नाही म्हणून आणि उचलला तर उशिरा का म्हणून. पहिले काही महिने मीही भांडले. दमून जायचे. ट्रेनिंग रूममध्ये हसऱ्या चेहऱ्यानं उभं राहायचं आणि मधल्या सुट्टीत आईच्या शिव्या खायच्या. एके दिवशी सहज, नुसतं करून बघू म्हणून, मी त्या तीन पायऱ्या तिच्यावर वापरल्या. वीस मिनिटांचा फोन पाच मिनिटांत संपला.

त्यानंतर मी दर वेळी त्याच वापरल्या. तिच्याशी बोलताना माझी भाषासुद्धा बदलली. 'काय करायलीस' जाऊन 'काय करतेस' आलं. तिनं एकदा टोकलंही, "दवाखान्यातल्या बाईसारखी काय बोलायलीस गं?" मी हसले.

ह्या वर्षी उन्हाळा तोंडावर असताना, एका बाजाराच्या दिवशी, सकाळी अकराला तिचा फोन आला. मला सव्वाअकराला बॅच घ्यायची होती.

"संगे, त्या सुमनच्या बकरीनं माझी समदी मेथी खाल्ली बग. बांधून ठिवायला काय झालं तिला? मी जाऊन चांगलं सुनावलं. आन् डोकं कालपसून आसं ठनकायलंय, ह्या उजव्या डोळ्याच्या मागून. दोनदा उलटी झाली. बलपाकडं बगितलं की भवतालनं रंगीत कडं दिसायलंय. आन् तुला काय त्याचं? तू बस तिकडं!"

मी घड्याळाकडे बघितलं. आवाज खाली आणला. "माय," म्हणाले, "बकरीनं मेथी खाल्ली, वरून डोकं दुखतंय, डोळ्याला त्रास होतोय, आणि मी जवळ नाही. मला समजतंय."

ती एकदम थांबली. "समजलं ना?" म्हणाली.

"हो. पाणी पी, डोकेदुखीची गोळी घे आणि जरा पड."

"बरं. ठिवते."

चार मिनिटं. मी खूश होऊन ट्रेनिंग रूममध्ये गेले आणि त्या दिवशीच्या बॅचला हाच फोन उदाहरण म्हणून सांगितला. बकरीची नक्कल केली. मायच्या आवाजाची केली. पोरं पोट धरून हसली. मग मी फळ्यावर तिन्ही पायऱ्या लिहिल्या आणि म्हणाले, बघा, हे सख्ख्या आईवरसुद्धा चालतं. टाळ्या पडल्या. ज्या वेळी त्या टाळ्या पडत होत्या त्या वेळी ताडकळसच्या घरात माझी आई दार लोटून, डोक्याला फडकं आवळून पडली होती आणि तिचा उजवा डोळा चालला होता.

चार दिवस तिचा फोन आला नाही. मला वाटलं, चला, निवळली. मी केला नाही.

पाचव्या दिवशी फोन आला तो सुमनमावशीचा, शेजारच्या, त्याच बकरीवाल्या. "संगीता, तुझी माय दाराच्या चौकटीवर धडकली बग. ह्या डोळ्यानं दिसंना म्हनती. इचारलं कदीपसून, तर चार दिस झाले म्हनती. मी घेऊन चाललेय परभनीला, तू ये." ज्या बाईशी माय मेथीवरून भांडली होती, ती तिला हाताला धरून बसमध्ये चढवत होती.

मी पोहोचले तेव्हा परभणीच्या डॉक्टरांचं तपासून झालं होतं. काचबिंदूचा झटका, ते म्हणाले. डोळ्यातला दाब अचानक वाढतो. डोकं फुटायला लागतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. असं होताना ताबडतोब, निदान पहिल्या एक-दोन दिवसांत आणलं असतं तर डोळा बहुतेक वाचवता आला असता. आता दुसऱ्या डोळ्याला तसं होऊ नये म्हणून लेझर करून घेऊ. मग त्यांनी विचारलं, "यांनी आधी कुणाला सांगितलं नाही का?"

माय बोलली. भिंतीशी बाकावर बसली होती, डोळ्यावर पट्टी, डोकं थोडं वळवून आवाजाच्या दिशेनं धरलेलं. "सांगितलं व्हतं की संगीला," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली, साधेपणानं, जशी ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. "तू मनलीस, समजलं. मंग मी उगं परत कशाला फोन करू? मला वाटलं, संगीला समजलंय आन् ती काळजी करंना, मंग इतकं काई नसल."

माझ्या बॅचला मी सांगते की माणसाला आपलं ऐकलं गेल्यासारखं वाटलं पाहिजे. माझ्या आईला तसं वाटलं. म्हणूनच ती दवाखान्यात गेली नाही. मी तिच्याशी भांडले असते, तर ती तासाभरानं परत फोन करून डोळ्याचं पुन्हा सांगत बसली असती. तिचा राग हीच तिची सांगायची रीत होती, आणि अण्णांनी ती कधी बंद केली नाही. घरी ते तिच्या हातात काहीतरी देऊन तिच्यासमोरच थांबायचे. मी नुसता आवाज बंद केला, आणि काम डाऊन ह्या शब्दांत जे वाईट आहे म्हणून मी पोरांना शिकवते, ते सगळं ते शब्द न वापरता केलं.

दवाखान्यातून ताडकळसला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा करायला उठली, मी करते म्हणाले तर हात झटकला. ओट्यावर कप मांडला आणि किटलीतून चहा ओतला तो कपाच्या बाहेर, दोन बोटं पलीकडे. एका डोळ्याला अंतर कळत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. चहा ओट्यावरून ओघळून खाली आला. तिनं पुन्हा ओतला, ह्या वेळी अलीकडे.

मी फुटले. सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले. तिच्यावरच ओरडले. तू पुन्हा फोन का नाही केलास, शिव्या का नाही दिल्यास, माझं कशाला ऐकलंस, आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाहीस आणि नेमकं तेव्हा कशाला ऐकलंस! मग रडायला लागले, नाकाचं पाणी पदरात येईतो. दाराशी सुमनमावशी येऊन उभी राहिली आणि आमच्याकडे बघून तशीच मागे फिरली.

माय मला गप हो म्हणाली नाही. तुझी काही चूक नाही, असंही म्हणाली नाही, आणि ते ती म्हणाली असती तर मी ते खरं मानलं नसतं. तिनं ओट्यावरचा कप उचलला, पुसला आणि चाचपडत माझ्या हातात दिला.

"हे धर जरा," म्हणाली. "किटलीच्या तोंडाला लावून धर. चा बाहीर जायलाय."

मी धरला. ती ओतायला लागली. वाफ बोटांना लागत होती, हात हलला असता तर दोघींना भाजलं असतं. मी श्वास रोखून धरला. कप भरत आला तसं मी "बास" म्हणाले, आणि मग लक्षात आलं की माझं रडं थांबलंय. तिनं दुसरा कप दिला, तोही धरला.

चहा पिताना ती म्हणाली, "डोळा गेला तो गेला. तुला एक सांगते, मला त्या आवाजात बोलू नको. त्यापरीस भांड."

आता मी महिन्यातून एकदा जाते. पुण्यात ती यायला तयार नाही आणि नोकरी सोडून तिथं जायला मी तयार नाही. बॅच अजून घेते. तिसऱ्या पायरीपाशी आता थांबते, फळ्यावर 'मला समजतंय' लिहिते आणि सांगते की हे म्हणण्याआधी एक तरी प्रश्न विचारा. पोरं लिहून घेतात. मायचं उदाहरण मी पुन्हा सांगितलं नाही. खरं तर तेच सांगायला हवं, पण धीर होत नाही.

फोनवर आम्ही भांडतो. रोज. ती बकरीवरून सुरू करते, मी "मंग? डोळा कसा हाय? औषध घातलं का?" म्हणते, ती म्हणते मधी बोलू नको, मी म्हणते बोलणार. नवरा आता दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो.

मला कुणी विचारलं, की घर म्हणजे आता कुठलं, तर मी पुण्याचाच पत्ता सांगते. पण सकाळच्या फोनमध्ये एक वेळ येते, ती म्हणते, "थांब, चा वततेय," आणि फोन ओट्यावर ठेवते. तिनं एक युक्ती काढलीय. किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवून अंदाज घ्यायचा. तो टेकल्याचा बारीक आवाज मला इकडे ऐकू येतो. मग चहाची धार. कधी धार कपात पडते, कधी ओट्यावर, आणि ओट्यावर पडली की ती मनसोक्त शिव्या देते. तेवढा वेळ मी ऐकत असते. कानाला हेडसेट असतो, आणि दोन्ही हात रिकामे.